डावीकडे मिटणारं बक्कल

"आधी शेवट सांग," बाबा म्हणाले.

पाण्याखाली श्वास घ्यायचा हवेचा सिलेंडर माझ्या गुडघ्यांमध्ये उभा होता आणि मी त्याची मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बाबा समोर उकिडवे बसून त्याच्यावर बुडी मारताना घालायचं जाकीट चढवत होते. होडी आमच्या बेटाच्या आतल्या अंगाला नांगर टाकून संथ डुलत होती. ओहोटी नुकतीच लागली होती.

"शेवट आधी सांगितला तर मधलं कशाला ऐकाल?"

"मधलंच तर ऐकायचंय. ती बाई जगते की मरते, एवढं एकदा कळलं की जिवाला घोर राहत नाही. मग नीट ऐकू येतं."

"जगते."

"आणि तो नवरा?"

"सोडून जातो."

"छान. हं, आता सांग."

मी समोरच्या किनाऱ्यावर, शिमोनीच्या शाळेत शिकवत होते आणि तिथेच खोली घेऊन राहत होते. आठवडाभर जे काही वाचून व्हायचं ते रविवारी, सिलेंडर बांधता बांधता, बाबांना सांगायचं, अशी आमची पद्धत पडून गेली होती. त्यांना अक्षर वाचता येत होतं, पण पुस्तकभर बसवत नसे. ऐकायला मात्र ते पक्के होते. मी एखादं पात्र गाळलं तर पुढच्या रविवारी बरोबर विचारायचे, "त्या थोरल्या भावाचं काय झालं मग? तो काय हवेत विरघळला?"

त्यांनी पट्टा बादलीतल्या खाऱ्या पाण्यात बुडवला, मुठीत पिळला, पुन्हा बुडवला. कोरडा पट्टा कितीही आवळला तरी पाण्यात गेल्यावर फुगतो आणि सैल पडतो. म्हणून आधीच ओला करून आवळायचा. मग त्यांनी तो सिलेंडरभोवती घेतला, बक्कलातून ओवला, डाव्या हाताने खेचला आणि बक्कल डावीकडे मिटवलं. खट्. शेवटी उभं राहून जाकिटाची वरची मूठ धरली आणि सिलेंडरसकट सगळं उचलून जोरात हिसडा दिला. सिलेंडर जागचा हलला नाही.

"बस. दुसरा आणा."

बाबा डावरे होते. जेवताना तेवढा उजवा हात, कारण आजीने लहानपणी फटके देऊन तो लावला होता. बाकी सगळं डाव्याने. तरुणपणी ते पेंबा बेटावरून इथे आले, ऑक्टोपस मारायचे, पुढे प्रवाळ लावणाऱ्या या होडीवर सिलेंडर बांधायला लागले. तेव्हापासून होडीवरच्या प्रत्येक जाकिटाचा पट्टा त्यांनी आपल्या हाताला सोयीचा, उलट्या बाजूने ओवून ठेवला होता. जगात सगळीकडे उजवीकडे मिटणारं बक्कल आमच्याकडे डावीकडे मिटायचं.

"मकामे, तू अख्खी होडी डावरी करून टाकलीस," फेरुझी काका सुकाणूवरून ओरडले. ते आमचे नाखवा.

"सुकाणू तेवढं सोडलंय रे तुझ्यासाठी."

"सोडलंयस कसलं! परवा मला उलटा वळसा घ्यायला लावलास."

"तिकडे वाळूचा बांध होता. उजव्या डोळ्याने दिसत नसतो तो."

बी रिझिकी हसली. खाली उतरणाऱ्या आम्हा चौघी बायांमध्ये ती वयाने मोठी. फेरुझी काकांच्या मयत भावाची बायको, त्यामुळे दीर-भावजयीची थट्टा होडीवर दिवसभर चालायची. "भावोजी," ती म्हणाली, "तुमचे दोन्ही डोळे कॉफीच्या किटलीवर असतात. बांध दिसणार कसा?"

आम्ही चौघी खाली उतरलो. तीन पुरुष पाणी असेल. तुटलेल्या प्रवाळाचे जिवंत तुकडे आम्ही उथळ पाण्यातल्या चौकटींवर वाढवायचो आणि मग खाली खडकावर सिमेंटच्या गोळ्यांनी बसवायचो. वाफ्याला वाफा जोडत गेलं की काही वर्षांनी तिथे मासे परत येतात. मी माझ्या वाट्याचे तुकडे बसवले आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी वर आले. बाबांनी हात देऊन मला आत घेतलं. जाकीट उतरवून घेतलं, अंगावर खंग्याचं सुती वस्त्र टाकलं, आल्याची कडू कॉफी हातात दिली.

"हं. मग नवरा सोडून गेल्यावर ती कुठे गेली?"

बाकीच्या वर येईपर्यंत माझी गोष्ट संपली. त्यांना ती बाई आवडली नाही. "फार विचार करते," म्हणाले, "विचार करायला हरकत नाही, पण मध्ये काहीतरी जेवायला हवं माणसाने." मग नारळाच्या रसातली तूर आणि भाकरी काढून आम्ही सगळे जेवलो. संध्याकाळी त्यांनी मला शिमोनीच्या धक्क्यावर सोडलं. मी पायऱ्या चढून वळून पाहिलं तेव्हा ते बादली विसळत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवून ओट्यावर आडवे झाले. शेजाऱ्याने नमाजाला हाक मारली तर उठले नाहीत.

मला न्यायला फेरुझी काका स्वतः होडी घेऊन आले. वाटभर इंजिनाचा आवाज होता, त्याचा आधार वाटला. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे घर उघडायला, झाडायला, बायकांना बसायला चटया अंथरायला मीच होते. बी रिझिकी रोज येऊन माझ्याजवळ निजली. बाबांबद्दल सगळे बोलत होते आणि बोलता बोलता हसत होते. दुखवट्याच्या घरात इतकं हसणं बरं दिसतं का, असं एक म्हातारी म्हणाली, आणि मग तिनेच सांगितलं, बाबा एकदा तिची बकरी उजव्या गाठीने बांधायला गेले आणि कशी सोडून बसले ते.

दुखवटा संपल्यावर फेरुझी काका अंगणात आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"मेजुमा, एक विचारायचंय. वारा फिरून दक्षिणेकडून यायला लागला की पाणी गढूळ होईल. त्याच्या आत वाफे पुरे करायचेत. तुझी जागा ठेवू की दुसऱ्या कुणाला घेऊ?"

"लगेच सांगायला हवं?"

"लगेच नको. पण जाकिटं चारच आहेत, आणि मकामेची गोष्ट वेगळी होती, बाकी होडीवर खाली उतरणाराच माणूस चालतो, हे तुला ठाऊक आहे."

ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मला लगेच उत्तर देता येईना. हो म्हटलं तर दर रविवारी पाण्याखाली जायचं होतं. नाही म्हटलं तर होडीवर पाय ठेवायला मला काही निमित्त उरणार नव्हतं. घरात बाबांच्या वस्तू होत्या, पण बाबा खरे तर घरात कमीच असायचे. ते होडीवर असायचे, मागच्या बाजूला, बादलीशेजारी.

"या रविवारी एकदा येते," मी म्हटलं. "मग सांगते."

रविवारी होडीवर पाहिलं तर जाकिटांचे पट्टे नवे होते.

"जुने विरले होते," काका म्हणाले. माझ्याकडे पाहणं त्यांनी टाळलं. "शिमोनीला देऊन शिवून घेतले. त्या शिवणाऱ्याने... म्हणजे त्याने जसे असतात तसे ओवून दिले."

बी रिझिकीने जाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं. "अहो भावोजी, हे उलटं आहे."

"हे सुलटं आहे, वहिनी. उलटं आत्तापर्यंत होतं."

"मला शिकवू नका. इतकी वर्षं मी पाण्याखालून जिवंत वर आले ती उलट्यानेच."

"मग आता सुलट्याने या. बघू, माशांना फरक कळतो का ते."

बाकीच्या दोघी हसल्या. मीही हसले. मग प्रत्येकीने आपापला सिलेंडर बांधायला घेतला, कारण बांधणारं आता कुणी नव्हतं. मी माझा पट्टा बादलीत बुडवला, आवळला, उजवीकडे मिटवला. समोर कुणी नसल्यामुळे सिलेंडर गुडघ्यांमध्ये धरून ठेवायला आणि त्याच वेळी पट्टा खेचायला कसरत करावी लागली. मी तोंडाने काहीच बोलत नव्हते आणि ते मला फार विचित्र वाटत होतं.

आम्ही उतरलो. पाणी स्वच्छ होतं. बी रिझिकी माझ्या पुढे होती, वाफ्याच्या कडेला गुडघे टेकून ती सिमेंटचा गोळा मळायला लागली, आणि मला दिसलं की तिच्या पाठीवरचा सिलेंडर खाली सरकतोय. ती वाकली की तो सरके, सरळ झाली की थांबे, पुन्हा वाकली की आणखी थोडा सरके. तोंडातली नळी तिच्या जबड्याला मागे ओढत होती. तिने मान तिरपी करून दात घट्ट रोवले, पण सिमेंट काही सोडलं नाही.

मी तिच्या मागे गेले आणि खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. पट्ट्याचं वेल्क्रोचं टोक वरून नीट चिकटलेलं होतं, म्हणजे वर कुणी पाहिलं असतं तरी सगळं मिटलेलंच दिसलं असतं. आतलं बक्कल अर्ध्यावर होतं. तिच्या हाताला इतक्या वर्षांची सवय, तिने ते डावीकडे दाबलं होतं आणि ते बिचारं तिकडे जाणारं नव्हतं.

मी टोक सोडवलं. एका गुडघ्याने सिलेंडर खालून वर रेटला, त्याची मान तिच्या मानेमागे जिथे यायला हवी तिथे आणली. पट्टा खेचला. हातांनी जे केलं ते मी आधी कधी दुसऱ्यासाठी केलं नव्हतं, पण ते करताना मला कुठेच थांबावं लागलं नाही. बक्कल उजवीकडे मिटलं. पाण्यात खट् ऐकू येत नाही, बोटांना कळतं. मग मी जाकिटाची मूठ धरली आणि तिच्यासकट सगळं उचलून जोरात हिसडा दिला. बी रिझिकी वाळूवरून हातभर वर आली आणि परत बसली. मुखवट्याच्या काचेतून तिने मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की तोंडात नळी नसती तर मला चार शब्द ऐकावे लागले असते.

त्यानंतर मी उरलेल्या दोघींकडे गेले आणि त्यांचेही सिलेंडर हलवून पाहिले. ते ठीक होते. माझे तुकडे तसेच डब्यात राहिले.

वर आल्यावर बी रिझिकीने नळी तोंडातून काढली ती ओरडतच. "ही पोरगी! मला गाढवासारखं उचलून आपटलं!"

"सिलेंडर निसटत होता तुमचा," मी म्हटलं.

"ते कळलं गं मला, जबडा माझा आहे."

फेरुझी काकांनी जाकीट ओढून वर घेतलं आणि पट्टा निरखला. त्यांचा चेहरा उतरला. "खाली जाण्याआधी कुणी हलवून पाहिलं नाही?"

आम्हा चौघींपैकी प्रत्येकीला वाटलं होतं दुसरीने पाहिलं असेल. खरं म्हणजे कुणालाच तसं वाटलंही नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकीनेही आपला सिलेंडर स्वतः हलवून पाहिलेला नव्हता. तो आम्ही उचलायच्या आधीच कुणीतरी हलवलेला असायचा.

"माझी चूक," काका म्हणाले.

"सगळ्यांची," बी रिझिकी म्हणाली. "आणि आता पुरे. पाणी अजून चांगलं आहे, वारा फिरायच्या आत वाफा संपवायचाय. मला दुसरा सिलेंडर द्या."

सिलेंडर मी घेतला. बादलीशेजारी उकिडवी बसले. तिला समोर बसवून त्याची मान धरायला लावली. पट्टा सोडवून पाण्यात बुडवला.

"डावीकडे ओवून दे," ती म्हणाली. "पूर्वीसारखा."

"नको. मी उजव्या हाताची. तुम्हीच सवय करा."

"बघा, काय तोरा आहे!"

"तसंही मिटवणार मीच, तुम्हाला सवय हवी कशाला."

मी पट्टा आवळला, बक्कल मिटवलं, उभी राहिले, हिसडा दिला. सिलेंडर हलला नाही. "आणा पुढचा," असं माझ्या तोंडून गेलं, आणि पुढची बाई आपला सिलेंडर घेऊन निमूट माझ्यासमोर येऊन बसली. तिचं झालं, तिसरीचं झालं. तिसरीने मान धरल्या धरल्या विचारलं, "हल्ली काय वाचतेस गं?" मी तिला सांगायला लागले. दोन वाक्यं होईपर्यंत फेरुझी काकांनी इंजिनावरचं फडकं बाजूला ठेवलं आणि जवळ सरकले.

तिघी तयार झाल्या. माझं जाकीट तसंच पडलेलं होतं.

"चल की," बी रिझिकी होडीच्या काठावर बसून म्हणाली. "तुझा नाही का बांधायचा?"

काकांनीही माझ्याकडे पाहिलं. त्यांना उत्तर हवं होतं आणि मी ते देणं लागत होते.

"माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या काका," मी म्हटलं. "मी इथे बसते. बांधायला माणूस लागेलच तुम्हाला."

"खाली उतरत नाही असा माणूस होडीवर..." काकांनी सुरुवात केली.

"भावोजी," बी रिझिकी म्हणाली, "आत्ता मला उचलून आपटलं ते काय तुम्ही?"

"बरं बरं," काका म्हणाले. "बस मग. पण इतकी चांगली उतरणारी पोर तू, असं मध्येच सोडून..."

माझ्या हातात ओली बादली होती. मी ती खाली ठेवली. होडीच्या मागच्या फळीकडे, जिथे कुणी बसलेलं नव्हतं, तिकडे पाहिलं. तिघी बाया आणि नाखवा ऐकत होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "मला पाण्याखाली कधीच आवडलं नाही. मी तुमच्याजवळ बसायला येत होते."