असिलकान-एजे गप्प बसल्या तेव्हा

आमच्या नारीन गावात सिनेमा चालणार की पडणार, हे असिलकान-एजे ठरवतात. एजे म्हणजे मोठी बहीण; आमच्यात वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या मेजवान्या चालवल्या. कुणी पेला कधी उचलायचा, कुणी किती बोलायचं, रडणाऱ्या आईला केव्हा हसवायचं, सगळं त्यांच्या हाती. आता त्या निवृत्त झाल्यात. जीभ मात्र नाही. शुक्रवारी दुपारचा पहिला खेळ बघायचा, बाहेर पायरीवर उभं राहून डोक्याचा रुमाल नीट करायचा आणि एकच वाक्य टाकायचं. संध्याकाळपर्यंत ते बाजारभर होतं. मग मी, तिकीट खिडकीतली बातमा, एक तर घाम पुसते नाहीतर माशा मारते.

प्रेमाच्या सिनेमावर त्या म्हणाल्या होत्या, "त्या दोघांना एकमेकांना ओळखायला दोन तास लागले, आपण दोघांनाही दहा मिनिटांत ओळखलं." भुताच्या सिनेमावर: "भूत ओरडलं म्हणून जाग आली, देव त्याचं भलं करो." आणि तो तलवारींचा भव्य सिनेमा, ज्यासाठी आम्ही नव्या खुर्च्या आणल्या, त्यावर: "घोड्यांनी छान काम केलंय. माणसांना अजून शिकायला वाव आहे." नव्या खुर्च्या आठवडाभर रिकाम्या होत्या. मला राग आला होता, पण हसूही आवरलं नव्हतं.

त्या शुक्रवारी आयझिरेकचा सिनेमा लागला. आयझिरेक आमच्याच गल्लीतली, गाडीवाल्या एसेनची मुलगी. तीन उन्हाळे वर कुरणांत राहून तिने तो केला. आमच्या मालकाने स्वच्छ सांगितलं होतं, संध्याकाळचा खेळ भरला नाही तर उद्यापासून पुन्हा गाड्यांच्या पाठलागाचा सिनेमा. आणि आपल्याच गावात पडलेला सिनेमा दुसऱ्या गावात कोण घेणार? पोरगी खांबाला टेकून उभी होती. आईने कणीक तळून दिलेल्या बोरसोकांची पिशवी हातात तशीच, एक तुकडाही तिच्या घशाखाली उतरला नव्हता.

"बातमा-एजे, त्या आत हसल्या का हो?"

"मी खिडकीत बसते, पोरी. पडद्यामागे नाही."

खेळ सुटला. बाहेर संध्याकाळच्या तिकिटासाठी रांग लागलीच होती. रांग कसली, एजेंचं वाक्य ऐकायला जमलेले कान. एजे पायरीवर आल्या. रुमाल नीट केला. आणि काही बोलल्याच नाहीत.

बाजारातला खाटीक कुबात पुढे होता. तो हळूच म्हणाला, "संपलं. शिव्या द्यायच्याही लायकीचा नाही." त्याने टोपी चढवली आणि वळला. त्याच्यामागे आणखी चौघे वळले. आयझिरेकचा चेहरा चुन्यासारखा झाला.

मी झाडू घेऊन आत गेले, कारण तिच्याकडे बघवेना. आमच्याकडे सिनेमा म्हणजे सूर्यफुलाच्या बिया, आणि दर खेळानंतर मी टरफलांना आणि ती टाकणाऱ्यांना शिव्या घालत झाडते. आत दिवा लावला. जमीन स्वच्छ होती. एवढी माणसं बसून गेली आणि कुणी एक बी फोडली नव्हती. झाडू तिथेच टाकून मी बाहेर धावले.

"एजे!" मी ओरडले. "जन्मभर नको तिथे बोललात, आता बोला की! पोरगी मरायला टेकलीय!"

"ओरडू नकोस, बातमा. शब्द शोधतेय. सापडत नाहीये." हे वाक्य असिलकान-एजेंच्या तोंडून! कुबात होता तिथेच थांबला.

"लग्न होईपर्यंत घोड्या दोहल्या मी," त्या म्हणाल्या. "शिंगरू आधी आईला लावायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला बांधायचं, आणि बादली धरायची. मी आचळं बघितली, बादली बघितली. या पोरीने शिंगरू ओढल्यावर घोडीचं तोंड दाखवलंय. किती वेळ दाखवलंय! मी कधी वर बघितलंच नव्हतं गं. आज पहिल्यांदा पाहिलं."

मग त्यांनी कानाला हात घातला. नवी नवरी पडद्याआडून बाहेर आली, बाळाला पहिल्यांदा दाखवलं, की आमच्यात रिकाम्या हाताने बघत नाहीत. तोंड पाहिल्याचं काहीतरी द्यावं लागतं, त्याला कोरुन्दुक म्हणतात. पण सिनेमाला कोरुन्दुक? असं कुणी ऐकलंही नव्हतं. एजेंच्या कानात लग्नापासूनची चांदीची कर्णफुलं होती, कधी न काढलेली. त्यांनी ओढलं, दात आवळले, एक निघालं. ते आयझिरेकच्या तळहातावर ठेवून त्यांनी तिची मूठ मिटली.

आयझिरेक रडत होती. "नको, एजे. जोडी फुटेल."

एजेंनी उरलेल्या कर्णफुलाला हात लावून बघितला.

"फुटू दे. हे पुढच्या सिनेमाचं."

कुबात रांगेत परतला, आणि आता रांग खरीच रांग होती. तिकीट तर प्रत्येकाने घेतलंच, पण रिकाम्या हाताने दारातून कुणी जाईना. कुणी तिच्या खांद्यावर रुमाल टाकला, कुणी मिठाई दिली, कुबातने खिसे चाचपून शेवटी स्वतःचा कंगवा दिला. बोरसोकांची पिशवी कधी रिकामी झाली कळलं नाही.

मी या खिडकीतून आयुष्यभर सिनेमे विकले आणि एकही धड बसून पाहिला नाही. त्या संध्याकाळी मी खिडकी बंद केली. डोक्यावरचा रुमाल सोडून आयझिरेकच्या हातात दिला आणि घोडीचं तोंड बघायला आत गेले.