पहिल्या हाकेला

आलापल्लीच्या सागवान डेपोत फिलिप कारकून होऊन आला, तेव्हा रेजिनाने वसईहून क्रूस आणला, जपमाळ आणली, आणि शाळेतल्या सिस्टरांची एक शिकवणही आणली: मागणं संपलं की लगेच उठू नये, गप्प बसावं, निम्मी प्रार्थना बोलायची असते, निम्मी ऐकायची.

तिचं मागणं एकच होतं. आंतोनला तिसरं वर्ष लागलं होतं आणि त्याच्या तोंडून अजून शब्द फुटला नव्हता. पडला तरी तो नुसते ओठ मुडपी. दुपारी डेपोतली करवत थांबली की त्याला मांडीवर घेऊन ती क्रूसासमोर बसे, ‘याला वाचा दे’ म्हणे आणि मग ऐकत राही. ऐकू यायच्या त्या कोंबड्या, आणि ओसरीवर कामवाल्या गुणाबाईचं सूप. देवाचंही बरोबरच होतं म्हणा, रेजिनाला वाटे. माझी अर्जी संपल्याशिवाय त्या बिचाऱ्याने बोलायचं तरी कधी?

एका दुपारी मात्र घरामागच्या सागांतून कोणीतरी स्पष्ट हाक मारली, “रेजू.”

हे तिचं माहेरचं नाव. ते फिलिपलाही ठाऊक नव्हतं. तिला बायबलातला, मंदिरात निजलेला लहानगा शमुवेल आठवला, रात्री देवाची हाक ऐकून धावणारा, आणि शाळेत पाठ केलेलं उत्तर आपसूक ओठांवर आलं.

“बोल प्रभू, तुझी दासी ऐकत आहे.”

ओसरीवरचं सूप थांबलं.

“कोणाले ओ देल्ली बाई?” गुणाबाई दारात येऊन उभी राहिली. “रानातल्या पयल्या हाकेले ओ द्याची नाई. मानूस असन तं तिसऱ्यांदाबी हाक मारते.”

“आमचा देव रानात नसतो, गुणाबाई.”

“मंग ओ तिकडं तोंड करून काऊन देल्ली?”

रेजिना हसली, पण तिने मागचं दार लावून घेतलं.

त्याच संध्याकाळी फिलिप सायकल टाकून ओरडला, “रेजिना, बोलला! ‘बाबा’ म्हणाला! ऐकलंस?”

ती तिथेच उभी होती. आंतोनचे ओठ तिने हलताना पाहिले होते. सायकलचं चाक फिरत होतं, त्याची कटकट ऐकू येत होती.

“हो,” ती म्हणाली. ज्या आईने एवढं मागून घेतलं, तिने नेमकं तेवढंच ऐकलं नाही, हे सांगायचं कोणाला आणि कोणत्या तोंडाने?

तिने कानात कोमट तेल घातलं. कोंबड्या, करवत, फिलिपचं घोरणं, सगळं ऐकू येई; नाही ते फक्त आंतोनचं बोलणं. फादर आले तेव्हा मिस्सेच्या प्रार्थनेत आंतोन खणखणीत ‘आमेन’ म्हणाला म्हणे. सगळे हसले, तीही उशिराने हसली. पापकबुलीला ती गेली, आळस सांगितला, चिडचिड सांगितली, आणि परतली.

एका दुपारी तिने गुणाबाईला सहज विचारल्यासारखं विचारलं, “आमच्या आंतोनचा आवाज कसा वाटतो गं तुला?”

“कसा असन? चिमनीवानी. तुमीच तं आयकता दिवसभर!” मग गुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. “बाई, पोरगं केव्हाचं हाका मारून राह्यलं. तुमी त्याले ओ काऊन देत नाई?”

रेजिनाने खाली पाहिलं. मांडीवर आंतोनचे ओठ उघडत होते, मिटत होते. ती आकार ओळखायला शिकली होती. आई. आई. तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. बोटाला ऊब लागली, वारा लागला. तो दमून गप्प झाला.

आणि मागच्या दारापलीकडून, सागांतून, चिमणीसारखा बारीक आवाज आला, “आई.”

तिने ओठ घट्ट मिटले. पहिल्या हाकेला नाही.

“आई.”

आंतोनचं तोंड बंद होतं. तो तिच्याकडे टक लावून बघत होता. हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता, तरी तो त्याचाच होता. एवढं कोणत्याही आईला कळतं.

“आई.”

माणूस असेल तर तिसऱ्यांदाही हाक मारतो.

“ओ, बाळा,” ती म्हणाली.

आंतोनने मान वळवून मागच्या दाराकडे पाहिलं आणि काहीतरी बोलला. गुणाबाईच्या हातचं सूप पडलं, तांदूळ ओसरीभर झाले.

“काय म्हणाला? गुणाबाई, काय म्हणाला तो?”

गुणाबाई सांगत होती. तिचे ओठ भराभर हलत होते. सुपाचा आवाज झाला नव्हता. कोंबड्या तांदळावर तुटून पडल्या होत्या, चोची आपटत होत्या, आणि कुठे म्हणून आवाज नव्हता.

फक्त दाराला अगदी लागून, लाडात आल्यासारखं, कोणीतरी म्हणालं, “आई.”