एकोणसाठ क्रमांकाचे शून्य

मी एक प्रश्नावली बोलतेय, क्रमांक एकोणसाठ. माझ्यावरची माहिती कधी व कोणाकडून मिळाली, ते आधी सांगते: २०२४च्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ, राजूर, माहिती देणारे टेम्पोचालक भागवत, वय बेचाळीस.

संगमनेरच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकणाऱ्या निवेदिताने आम्हा एकशेवीस जणींना छापून घेतले होते. सिगारेट आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा संबंध तिला तपासायचा होता.

"रोज किती सिगारेटी ओढता?" तिने विचारले.

भागवतांनी शेजारी तांदूळ निवडणाऱ्या आईकडे, लंकाबाईंकडे पाहिले. "लिवा, शून्य."

सही करताना त्यांची बोटे माझ्यावर टेकली. त्यांना धुराचा वास होता. कागद वास धरून ठेवतो. सांगू शकत नाही.

रक्ततपासणीत त्यांचे कोलेस्टेरॉल निघाले दोनशे बासष्ट, म्हणजे बरेच जास्त. आलेखावर शून्य सिगारेटींपाशी माझा बिंदू सगळ्यांपासून दूर, एकटाच वर राहिला.

"हा काढून टाका," मार्गदर्शक सुहास सर म्हणाले. "तुमची रेषा बिघडवतोय."

"गैरसोयीचा आहे म्हणून कसा काढू, सर? चूक माझी आहे. मी त्यांना आईसमोर विचारलं."

एप्रिलमध्ये ती मला आणि रक्ताचा अहवाल घेऊन पुन्हा राजूरला गेली. भागवत टेम्पो घेऊन बाहेर गेले होते. तिची अडचण ऐकून लंकाबाई हसल्या.

"मला काय वास येत न्हाई व्हय, पोरी? घरात शिरताना मी मुद्दाम खोकते. तेवढ्यात तो इझवतो. तो माझा मान ठिवतो, मी त्याचा."

"मग रोज किती, आजी?"

"ते कसं इचारू? इचारलं तर उद्या समोरच वढंल की!"

निवेदिताने अहवालातला आकडा समजावला आणि भागवतांना डॉक्टरांकडे पाठवायला सांगितले. लंकाबाईंचे हसू मावळले.

"मंजी आता खोकून भागायचं न्हाई."

निवेदिताने माझ्यावरचे शून्य खोडले. खरी संख्या कळली नव्हती, म्हणून चौकट कोरी ठेवली आणि मला वगळण्याचे कारण प्रबंधात नोंदवले. उरलेल्या एकशेएकोणीस जणींत संबंध आढळला. सिगारेट हेच कारण असल्याचे सिद्ध झाले, असे मात्र तिने लिहिले नाही.

त्या साऱ्या एका गठ्ठ्यात बांधल्या आहेत. मी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, वेगळ्या पाकिटात आहे. वास आता जवळजवळ उडाला.

माहिती गोळा करणाऱ्यांनो, एवढेच मागते: माणसाला एकट्याला विचारा.

त्या दिवसानंतर लंकाबाई कधी न खोकता घरात शिरल्या का, याची खातरजमा मला अजून करता आलेली नाही.