खिडकीवरचं शीड

ते १९७१ साल. पार उत्तरेकडच्या वार्डो या बंदरगावात मे महिन्यात वर आलेला सूर्य जुलै सरत येईपर्यंत मावळत नाही आणि त्या दिवसांत पडदे लावून झोपणाऱ्याला सारं गाव हसतं. झोपायला हिवाळा आहेच की!

आस्लाउग त्या उन्हाळ्यात मासळीच्या कारखान्यात रात्रपाळीला लागली. कधी सकाळी झोपे, कधी दुपारी, कधी नुसतीच धक्क्यावर बसून राही. समुद्र दुधासारखा निवांत, मुली मध्यरात्रीच्या उन्हात दोरीवरून उड्या मारताहेत. आपण जागे आहोत की स्वप्नात, तिला कळेनासं झालं. तशात तिची पाळी चुकली. मग पुढचीही.

लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. कळलं त्याच दिवशी सासूने पांढरी लोकर काढून टोपी विणायला घेतली.

मार्गिट सुईणीने तपासलं आणि दोन कप कॉफी ओतली.

"पोटात काही नाही गं, पोरी."

"मग पाळी का येत नाही?"

"झोपतेस कधी?"

"जमेल तेव्हा."

"अंधारात?"

"आता कुठला अंधार? पडदे लावले तर बायका म्हणतील, आस्लाउग म्हातारी झाली!"

"म्हणू देत. अंगाला रात्र दिसली नाही, तर त्याने महिना मोजायचा कसा? दिवसपाळी माग. खिडकी बुजव."

घरी येऊन ती रडली. नवरा एइलिफ उठून धक्क्यावर गेला. होडीचं जुनं तपकिरी शीड आणून त्याने खिडकीवर ठोकलं.

"काय रे एइलिफ, घर घेऊन कुठे निघालास?" शेजारी ओरडला.

"झोपायला!"

खोलीत शिडाच्या डांबराचा वास आणि गार काळोख. आस्लाउग त्यात खोल खोल उतरत गेली.

सूर्य पुन्हा पाण्यात बुडू लागला, त्या आठवड्यात तिची पाळी आली. शिडाने आणली की सूर्याने, कोण सांगणार? ती रडलीही, हसलीही.

"टोपी उसवू का गं?" सासूने विचारलं.

"नको, आई. सुयांवरच राहू द्या."

पुढच्या हिवाळ्यात टोपी पुरी झाली. ती घालणारी लेक सिग्नी आज त्रोम्सो शहरात परिचारिका आहे. रात्रपाळीहून आली की जाड पडदे ओढून झोपते. सासूबाई नातीला शाळेत जाताना पाहून गेल्या. मार्गिट निवृत्त होऊन बहिणीकडे दक्षिणेला गेली, एकदा तिथून फोनवर म्हणाली, "आपल्या अंधाराला नाव सापडलं बघ, अंधारात अंगात झिरपतं ते, मेलाटोनिन!" एइलिफला जाऊनही आता काळ लोटला. आस्लाउग मात्र मे उजाडला की तेच शीड खिडकीवर चढवते. डांबराचा वास अजून येतो, असं ती म्हणते.