थंड झुरका

नाकोबाला खरं नाव होतं, पण ते फक्त कचेरीच्या दारावरच्या पाटीपुरतं. सिगार ओढून तिला शंभरापैकी गुण द्यायचे, हा त्याचा धंदा. हसू नका. हे गुण ज्या मासिकात छापून येत, ते चाळल्याशिवाय मोठमोठे दुकानदार माल उचलत नसत. आणि मासिकात शेवटचा शब्द नाकोबाचा. धुराचा एक झुरका घेऊन तो सांगायचा, हे पान जरा ओलंच बांधलंय, ही पेटी लाकडाच्या नव्या कपाटात ठेवली होती. सांगितलेलं खोटं निघालंय, असं कुणाला आठवत नव्हतं.

आणि असल्या माणसाचं नाक गेलं! साधा ताप आला, चार दिवसांनी उतरला, आणि जाताना वास घेऊन गेला. जीभ गोड-कडू तेवढं सांगे, बाकी धूर म्हणजे नुसती कोमट हवा. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. कदाचित नाहीही येणार." आता हे काय उत्तर झालं?

तुम्ही म्हणाल, सरळ सांगून टाकायचं की. वा! बोलायला तुमचं काय जातं? दुसरं काही काम त्याला येत नव्हतं. शिवाय सख्ख्या बहिणीची मुलगी त्याने स्वतः हाताला धरून या कामात आणली होती, आता ती त्याच्यासमोरच्याच खुर्चीवर बसायची. मामाचं नाक पडलं तर भाचीकडे कोण बघणार? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत तो गप्प बसला. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात, पण वासाचं सोंग आणणं त्याहून अवघड, हे त्याला लवकरच कळलं.

दोन महिने त्याचा जीव टांगणीला लागला होता. कुणी "काय नाकोबा!" अशी हाक मारली तरी काळजात धस्स व्हायचं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

परीक्षेची रीत अशी. सिगारवरची कंपनीची पट्टी काढून नुसत्या आकड्याची कोरी पट्टी लावायची. गोल टेबलाभोवती बसायचं, बोलायचं नाही. संपादिकाबाई मोठ्या खमक्या, त्यांनी आणखी एक खोच ठेवली होती: दिवसभरात एक सिगार दोनदा यायची, वेगवेगळ्या आकड्यांखाली. या जुळ्यांना कुणी फार वेगळे गुण दिले, तर त्याचे त्या दिवसाचे सगळे गुण केरात. पूर्वी नाकोबाला ही खोच म्हणजे गंमत वाटायची. आता तीच त्याच्या जिवावर उठली होती.

पण हा गडीही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. त्याने बोटांना कामाला लावलं. पान किती घट्ट गुंडाळलंय, शीर कुठून कुठे जाते, राख किती लांब टिकते, हे सगळं तो पाहून ठेवी आणि जुळी हुडकून काढी. उरलेलं काम भाचीच्या भुवईवर. चव आवडली की पोरीची डावी भुवई अशी वर जायची की विचारू नका. ती वर गेली की हा नव्वदीत गुण टाकी आणि खाली लिही: "भाजलेले बदाम, जुनं चामडं." कप्तान नावाचा तिसरा परीक्षक, जहाजावर कधी पाऊल न ठेवलेला पण मिशा तशा असलेला, ते वाचून मान डोलवायचा. "काय पकडलंस रे! मला बदाम आलेच नव्हते." नाकोबा हसायचा, आणि हसताना त्याच्या पाठीतून घामाची धार उतरायची.

त्या दिवशी सकाळची फेरी कशीबशी निभावली. जेवणं झाली, सगळे परत टेबलाशी येऊन बसले. थंडी म्हणून खिडक्या लावलेल्या, चहाच्या खोलीकडचं दार तेवढं उघडं. प्रत्येकापुढे नवी सिगार आणि लांब काड्यांची आगपेटी. सिगारचं टोक कापून झालं. आता थंड झुरका. म्हणजे न पेटवता नुसती हवा ओढून बघायची, खराब माल असेल तर तिथेच कळतो. पहिला थंड झुरका नाकोबाचा. त्याने मान हलवली की मगच बाकीच्यांनी काडी ओढायची, असा तिथला शिरस्ता.

नाकोबाने झुरका घेतला. कोमटसुद्धा नाही, नुसती हवा. तो मान हलवणार एवढ्यात भाची म्हणाली, "थांबा जरा. कसला तरी वास येतोय. गॅसचा."

कप्तानाने नाक वर करून हुंगलं. "माझ्या नाकाची सकाळपासून राख झालीय. मला तर उद्यापर्यंत सिगारचाच वास येणार."

संपादिकाबाईंना सर्दी. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाल्या, "अहो, आपण कशाला डोकं खाजवतोय? नाकोबा आहे ना. काय हो, येतोय का गॅस?"

तिन्ही चेहरे त्याच्याकडे वळले.

नाकोबाच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने खोल श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. अरे देवा, काहीच नाही! असेल गॅस, नसेलही. येतोय म्हणावं आणि निघाला नाही तर? नाकोबा कधी चुकतो का? बाई चौकशी लावतील, चार प्रश्न विचारतील, आणि सगळं पितळ उघडं पडेल. आणि त्याच्याच तोंडातून, त्याच्याच रोजच्या ठाम आवाजात शब्द बाहेर पडले:

"छे! काही नाही. सिगारचं पान जरा उग्र आहे, तेच येतंय तुला."

झालं. नाकोबाने सांगितलं म्हणजे संपलं. कप्तान खो खो हसला, "पोरीला अजून शिकायचंय!" भाची ओशाळली. "हो, तेच असेल," म्हणाली, आणि स्वतःच्या नाकावरून बोट फिरवत तिने आगपेटीतली काडी काढली.

नाकोबाने ती काडी पाहिली. काडी पेटीच्या बाजूला टेकली. भाचीच्या बोटांत काडीचं लाल टोक दिसत होतं. बहिणीने पोरीला त्याच्या ओटीत घातलं होतं म्हणा ना. तो टेबलावरून आडवा झेपावला. पेटी उडाली, काड्या सगळीकडे विखुरल्या.

"ओढू नका! कुणी काडी ओढू नका! मला वास येत नाही!"

"म्हणजे गॅस नाही ना?" कप्तान गोंधळला.

"अरे, मला कशाचाच येत नाही! दोन महिने झाले! चला, बाहेर चला आधी!"

सगळे धडपडत जिना उतरून रस्त्यावर आले. कचेरीचा चहावाला ओल्या फडक्याने तोंड झाकून आत गेला, चहाच्या खोलीतला सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि पांढराफटक होऊन परत आला. रबरी नळी चिरली होती. जेवणाच्या वेळेपासून गॅस साचत होता.

कप्तान पदपथावरच फतकल मारून बसला. संपादिकाबाईंनी नाकावरचा रुमाल काढला. मग नाकोबाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अहो वेड्यासारखं दोन महिने कशाला लपवलंत? आजारात जातं नाक. आम्ही काय तुम्हाला खाणार होतो? गुणांचं बघू नंतर. आज वाचलो, तुमच्यामुळे."

नाकोबाला रडू आलं. इतके दिवस ज्याला भ्यायचा, ते होऊन गेलं होतं, आणि कुणी ओरडलंसुद्धा नव्हतं. डोळे पुसून त्याने भाचीकडे पाहिलं. ती जरा दूर, भिंतीला टेकून उभी होती.

"चल गं," तो म्हणाला. "घरी जाऊ. तुझी आई काळजीत पडेल."

"मामा, मला वास आला होता."

"हो बाळा. तुझंच बरोबर होतं."

"मी तसं म्हटलंही होतं. आणि तू सगळ्यांदेखत मला नाही म्हणालास." तिचा आवाज कापत होता. "तू 'माहीत नाही' म्हणाला असतास, तर मी काडीला हात लावला असता का?"

"मी घाबरलो होतो गं."

"कशाला? आपण मरू म्हणून?"

खरं उत्तर दोघांनाही माहीत होतं.

रोज ती दोघं एकाच बसने घरी जात. बस समोर येऊन थांबली. भाचीने पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "तू हो पुढे. मी मागच्या बसने येते."