विटेचा गुण

माझी जीभ लई लांब हाय, हे आख्ख्या निपाणीला ठाव हाय. तंबाखूच्या वखारीत मुकादमाला तोंडावर बोलले, नणंदेच्या लग्नात व्याह्याला बोलले. कुणाची भीडभाड ठेवली न्हाय. आणि जिथं खरंच बोलायला पायजे हुतं, तिथं दोन दिवस मूग गिळून बसले. तेच सांगते.

सुविधा माझ्या भावाची, सत्याप्पाची लेक. आई तिची लवकर गेली. मला पोटचं कोण न्हाय, म्हणून मीच तिला वाढवली. आता ती बेळगावात बँकेत हाय, खासबागेत भाड्यानं राहती. वजन वाढत वाढत एकशे अठरावर गेलं, जिना चढली की धाप लागायची. गेल्या वर्षी तिनं पोट लहान करायचं ऑपरेशन केलं. मी केवढी तणतणले! "अगं, धडधाकट पोट कापून घेतीस व्हय? तोंड आवर की, फुकटात उतरंल वजन!" ऑपरेशन झाल्यावर मात्र गाठोडं बांधून तिच्याकडं मीच राहायला गेले. चार चमचे पेज, अर्धी वाटी ताक, तेवढंच तिला जायचं.

आधी तिची पाळी चार-चार म्हयने गायब असायची. वजन उतरलं तशी ती नेमानं यायला लागली. पोरगी खूश झाली. पण कळा अशा यायच्या, की गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडून राहायची. अंगदुखीच्या गोळ्या ह्या पोटाला सोसत न्हाईत, आतनं जखम पडती, त्या कधीच घ्यायच्या न्हाईत, अशी डॉक्टरांची ताकीद. तापाची साधी गोळी चालंल, आणि शेक घ्यायचा. तो कागद तिनं फ्रिजवर चिकटवला हुता. मला दोनदा वाचून दाखवला.

"त्या डॉक्टरला पाळी येती व्हय गं?" मी म्हटलं.

तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या मी. पाळी आली म्हणून एक दिवस सूप खाली ठेवलं न्हाय. आमच्यातल्या समद्या बायकांच्या कमरेच्या पिशवीत पान-सुपारीसंगं अंगदुखीची गोळी असायचीच. कळ आली की गोळी तोंडात टाकायची आणि हात चालू ठेवायचे. मला त्या गोळीनं तारलं, मग हिला ती काय करणार हाय, असं माझं म्हणणं.

"आत्ती, लहानपणी द्यायचीस तशी वीट दे की तापवून," ती म्हणायची. शाळेत असताना मी गरम वीट फडक्यात गुंडाळून तिच्या पोटावर ठेवायची. तशी दिली. पण पहिल्या खेपेला विटेनं काय भागलं न्हाय. तास झाला, दोन तास झाले, पोरगी तळमळतीया आणि वर मलाच समजावतीया, "थांबंल गं आत्ती आता." माझ्यानं बघवंना. स्वैपाकघरात गेले, पिशवीतली गोळी लाटण्यानं चुरली, जिरं-हिंगाच्या ताकात ढवळली आणि तिला पाजली.

अर्ध्या-पाऊण तासात ती उठून बसली. विटेवर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या हाताला गुण हाय बघ, आत्ती. त्या तापाच्या गोळीनं झालं न्हाय ते विटेनं झालं."

तिथंच सांगायचं हुतं. पण खोटं कशाला बोलू, मला लई गोड वाटलं. एवढी शिकलेली पोरगी, बँकेत लोक तिला मॅडम म्हणत्यात, आणि तिला गुण आला तो माझ्या हातचा! मी म्हटलं, "मग! आत्ती हाय कोण!"

असं सहा म्हयने चाललं. दर पाळीला तीन दिवस, दिसातनं दोनदा ताक. फोनवर मैत्रिणींना सांगायची, "वीट घेऊन बघा गं, आमची आत्ती देती तशी." मी ऐकायची आणि हसायची. मधनंच तिच्या पोटात आग व्हायची, तर मीच तिला दटावायची, "तिखट खाल्लं असशील काय तरी!"

सातव्या म्हयन्यात एका सकाळी दात घासता घासता ती वाकली आणि रक्ताची उलटी झाली. रिक्षात तिनं माझा हात सोडला न्हाय.

दवाखान्यात नळी घालून बघितलं. पोटात मोठी जखम. डॉक्टरीणबाई तिच्या उशाशी आल्या. "अंगदुखीच्या गोळ्या किती घेतल्या?"

"एकबी न्हाय, मॅडम. शेकच घेते मी फक्त. आत्तीला विचारा."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. न्हाय म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी परत विचारलं. गोळ्यांनी झालं असंल तर औषधानं भरून येईल, पण कारण कळलं न्हाय तर कदाचित पोट परत उघडायला लागंल, म्हणाल्या. सुविधा तेच सांगत राहिली. बाई जरा तडकल्याच, "पेशंटच लपवत असंल तर आमी काय करायचं?" तवर निपाणीहून सत्याप्पा आला हुता. तो हळूच म्हणाला, "बाळ, घेतली असशील तर सांग की. कोण रागावतंय?"

"आप्पा, तूबी?" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून रडायला लागली.

मग मात्र माझ्यानं ऱ्हावलं न्हाय. "पोरगी खरं बोलतीया," मी म्हटलं. "गोळी मी दिली. दर म्हयन्याला. ताकातनं." पिशवीतनं पाकीट काढून बाईंच्या हातात ठेवलं. बाई रागावल्या न्हाईत. नाव लिहून घेतलं, "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुविधानं भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. शिव्या देईल असं वाटलं. ती म्हणाली, "म्हंजे विटेनं कवाच गुण आला न्हवता, आत्ती?"

पोट उघडायला लागलं न्हाय. औषधांनी जखम भरली. आता ती बायकांच्या डॉक्टरकडं जाती, त्यांनी कळांवर दुसरा उपाय दिलाय. मला तिनं घालवून दिलं न्हाय. घालवलं असतं तरी मी काय तोंडानं बोलणार हुते? पण पाण्याची बाटली आता ती स्वतः भरून उशाशी ठेवती.

परवा तिला पाळी आली. वीट तिनंच तापवली. मी ताक केलं, जिरं-हिंगाचं, बाकी काय न्हाय. तिच्या म्होरं बसून आधी मी अर्धा पेला प्याले, मग उरलेला तिच्याकडं सरकवला.

"मला ठाव हाय आत्ती, ह्यात काय न्हाय," ती म्हणाली. माझ्या पाठीवरनं हात फिरवला आणि आपल्या बाटलीतलं पाणी प्याली.

संध्याकाळी पेला उचलला, तर ताक तसंच हुतं.