डाव्या खांबाची पिशवी

मित्रांनो, बडनेऱ्याला रेल्वे कॉलनीच्या मागे डोमाजींचं घर आहे. त्या घराच्या दाराआड एक खिळा आहे, आणि त्या खिळ्यावर ताडपत्रीची, पिवळा 'एक' आकडा रंगवलेली एक जुनी पिशवी लटकलेली असते. ती मी. माझ्याकडे पाहून कोणाला वाटणार नाही, पण मी विमानात बसून आले आहे. समुद्रापलीकडच्या देशात भारताची फुटबॉल मॅच पाहून आले आहे. अर्थात त्या दिवशी मी पिशवी नव्हते. ते कसं झालं, तेच सांगते.

माझा जन्म अकोल्याचा. कापसाच्या गाड्यांवर ताडपत्र्या घालतात ना, त्या शिवणारे मोतीराम नावाचे कारागीर होते. डोमाजी आणि मोतीराम तरुणपणी एकाच संघातून फुटबॉल खेळायचे. पुढे डोमाजी रेल्वेत ट्रॅकमन झाले आणि रुळांची निगराणी करत बडनेऱ्याला आले. तिथल्या मैदानावर त्यांनी मुलामुलींना खेळ शिकवायला घेतला, तेव्हा मोतीरामांनी उरलेल्या ताडपत्रीचा एक लांब तुकडा दुमडला, दोन्ही बाजूंनी शिवला, दोन बंद लावले, आत एक छोटा कप्पा दिला आणि म्हणाले, "घे डोमा. सहा बॉल मावतीन. फाटली तं माह्याकडेच आन, दुसऱ्याले हात लावू देऊ नको."

मैदानावर गोलाचा एकच खांब होता, दुसरा कधीच कोणीतरी उपटून नेला होता. म्हणून बॉल काढून झाले की डोमाजी माझ्यात दोन दगड भरायचे आणि मला दुसऱ्या खांबाच्या जागी उभं करायचे. डावा खांब म्हणजे मी. त्या गोलात डोमाजींची धाकटी मुलगी प्रियदर्शनी उभी राहायची. सात-आठ वर्षांची, गुडघे कायम सोललेले. बॉल येण्याआधी ती एकदा डावीकडे माझ्याकडे बघायची, कारण दगड कमी पडले की मी पडायचे आणि मुलं गोलावरून भांडायची. एके दिवशी तिनं रुळांकाठच्या पाट्या रंगवून उरलेला पिवळा रंग घेतला आणि माझ्या अंगावर हातभर उंचीचा एक आकडा काढला. रंग ओघळला. डोमाजी रागावले नाहीत. "आता खांब कसा दुरून दिसते," एवढंच म्हणाले.

ते माझे कामाचे दिवस होते, आणि खूप सुखाचे होते.

पुढे मैदानाला खरे लोखंडी खांब आले, बॉलला जाळीच्या पिशव्या आल्या. सोमवारच्या सरावात छोटा गोल मांडायला पोरी मला अधूनमधून न्यायच्या, पण बराच काळ मी खिळ्यावरच असायचे. प्रियदर्शनी चंद्रपूर, पुणे, गोवा असं करत खूप पुढे गेली. मात्र तिची एकही बाहेरगावची मॅच डोमाजींनी पाहिली नव्हती. रुळांची ड्युटी अशी, की तिची मॅच आणि यांची गस्त नेमकी एकाच दिवशी. ते कोणाला बोलून दाखवत नसत. पण मॅचच्या दिवशी ड्युटीवर निघताना मला खिळ्यावर सरळ करून जात. मला तेवढ्यावरून कळायचं.

आणि मग, डोमाजी निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, प्रियदर्शनी भारताच्या संघात गेली. आखातातल्या एका शहरात मॅच होती आणि गोलात तिलाच उभं राहायचं होतं.

"या टायमाले मी जातो," डोमाजी म्हणाले. "पाहीन तं डोळ्यानं पाहीन. मोबाइलवर नाई."

त्यांचा मुलगा अश्विन शाळेत शिक्षक आहे. त्यानं यादी केली. मित्रांनो, त्या यादीला घरात सगळे हसले, पण तुम्हाला कधी आपल्या संघाच्या मागे परदेशी जायचं झालं तर अशीच यादी करा. पासपोर्टची मुदत अजून सहा महिन्यांहून जास्त आहे ना, हे त्यानं सर्वांत आधी पाहिलं. तिकिटावर आणि पासपोर्टवर नाव अक्षर न् अक्षर सारखंच हवं. डोमाजींच्या एका कागदावर आडनाव होतं, दुसऱ्यावर नव्हतं. ते निस्तरण्यातच तीन महिने गेले. मॅचची तिकिटं त्यानं आपल्या संघाच्या समर्थकांच्या बाजूचीच काढली, कारण तिकडच्या लोकांत बसून आपण ओरडलो तर उगाच वाद होतो. रक्तदाबाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. हॉटेलचा पत्ता त्या देशाच्या लिपीत लिहून प्रत्येकाच्या खिशात. आणि यादीत लाल शाईनं एक ओळ होती: खसखस न्यायची नाही. त्या देशात खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी, थेट तुरुंग.

ही ओळ अश्विननं आईला, म्हणजे भागीरथाबाईंना, दोनदा वाचून दाखवली.

"कळलं नं बाप्पा," त्या म्हणाल्या. "मी काय अडानी हावो? नाई नेत खसखस."

आणि खरंच त्यांनी स्वयंपाकघरातली खसखशीची बरणी उचलून शेजारी ठेवायला दिली. पण लेकीला तिकडचं जेवण गोड जात नाही हे त्यांनी फोनवर ऐकलं होतं. वांग्याच्या भाजीसाठी त्यांनी घरचा काळा मसाला पुडीत बांधला आणि माझ्या आतल्या कप्प्यात ठेवून दिला. त्या मसाल्यात आमच्याकडे खोबरं भाजून घालतात, तीळ घालतात आणि मूठभर खसखसही घालतात. कप्प्यात पुडी आली तेव्हाच मला वास आला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. पण पिशवीनं कोणाला काय सांगायचं?

मला सोबत नेण्याचा हट्ट डोमाजींचा होता. "तिनं डावीकडं पाह्यलं तं कोनीतरी घरचं दिसलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. माझ्यात तिरंगी शाली, अंगावर घालायच्या निळ्या जर्सी आणि वाटेत खायला भाजलेले रोडगे भरले. रेल्वेनं आम्ही मुंबईला आलो, विमानतळावर रांगेत लागलो. पुडी माझ्या पोटात निखाऱ्यासारखी होती. तुरुंग कोणाला होईल? पिशवी ज्याच्या खांद्यावर, त्याला. म्हणजे डोमाजींना. आयुष्यभर लेकीची मॅच पाहण्याची वाट पाहिलेला माणूस मॅचच्या गावी उतरेल आणि मैदानाऐवजी कोठडीत जाईल.

सामान तपासणीच्या पट्ट्यापासून दहा माणसं दूर असताना माझ्या एका बाजूची शिवण उसवली. मी टाका सोडला की जुना दोरा आपोआप तुटला, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण कप्पा लोंबला, पुडी खाली पडली, फुटली, आणि मसाल्याच्या घमघमाटानं आजूबाजूची माणसं शिंकू लागली.

अश्विननं पुडी उचलली. "आई, याच्यात काय काय हाये?"

"मसाला हाये. खसखस नाई नेली मी, तुह्यासमोर तं बरनी देल्ली शेजारी."

"मसाल्यात घातली होती का नोती?"

भागीरथाबाईंनी सांडलेला मसाला बोटावर घेऊन पाहिला. "घातली होती. पन थे तं भाजून, दळून गेली नं. दळल्यावर खसखस राह्यते काय?"

अश्विन आईवर ओरडला नाही, हे त्याचं मोठेपण. हळूच म्हणाला, "राह्यते आई. एक दाना बी राह्यते."

मग त्यानं मला रांगेतून बाहेर काढलं. पुडी कचऱ्यात गेली. माझा आतला कप्पा त्यानं ओढून काढला आणि तोही कचऱ्यात टाकला. ओल्या फडक्यानं मला आतून-बाहेरून पाच वेळा पुसलं, झटकलं, उजेडात धरून पाहिलं. कप्पा मोतीरामांच्या हातचा होता. मला वाईट वाटलं, पण योग्यच झालं ते. भागीरथाबाई एका खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला, मला मांडीवर घेतलं आणि उसवलेली बाजू टाचली. दुसऱ्या बाजूचाही जुना दोरा कुजला होता, तो काढून तीही टाचली. मोठे मोठे, धावते टाके. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. डोमाजी शेजारी बसले.

"माह्यामुळं तुमची मॅच गेली असती," त्या म्हणाल्या.

"गेली नाई नं? मंग रडून कायले राहिली? टाके वाकडे येऊन राहिले तुहे."

मॅचच्या दिवशी आम्ही तीन तास आधी निघालो. तुम्हीही आधीच निघा, कारण अनोळखी शहरात रस्ता चुकतोच. आमचाही चुकला आणि आम्ही भलत्याच दरवाज्यावर गेलो. एवढं मोठं मैदान असतं की एका दरवाज्यावरून दुसऱ्यावर जायला अर्धा तास चालावं लागतं. आपल्या दरवाज्याशी पोचलो तेव्हा मॅचला पन्नास मिनिटं उरली होती. तिथं आधी अश्विनची पॉवर बँक काढून घेतली. यादी करणाऱ्याच्याच यादीत ती राहून गेली होती. भागीरथाबाईंनी तोंडाला पदर लावला, मला वाटतं त्या हसत होत्या.

मग पाळी आली माझी.

वहीच्या आकारापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, हे अश्विननं हॉटेलमध्येच सांगितलं होतं. डोमाजींनी ऐकलं होतं, पण त्यांचा हिशेब वेगळा होता. त्यांनी मला रिकामं केलं, चार घड्या घातल्या आणि काखेत धरलं. "पाय, वहीपेक्षा लहान झाली."

दरवाज्यावरचा पहारेकरी केरळचा होता. त्यानं घडी उलगडली. "चाचा, ये बैग है. बैग अंदर नहीं जाएगा. इधर रखने का जगह भी नहीं."

अश्विन म्हणाला, "बाबा, सोडून द्या हिले इथीसाच."

डोमाजी हलले नाहीत. मागची माणसं खोळंबली. "तुमी दोघं जा," ते म्हणाले. "मी हिच्याजवळ बसतो बाहेर. आवाज तं येईनच."

मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. ज्या माणसानं इतकी वर्षं वाट पाहिली, तो एका जुन्या ताडपत्रीसाठी दाराबाहेर बसणार! वस्तूवर जीव असावा, पण माणसाची वाट अडवील इतका नसावा. कोणीतरी मला कचऱ्यात फेकावं आणि या माणसाला आत ढकलावं, असं मला मनापासून वाटत होतं.

भागीरथाबाई पुढे आल्या. त्यांनी मला डोमाजींच्या हातून घेतलं, आपल्या टाक्याचं टोक शोधलं आणि ओढलं. धावता टाका, सर्रकन निघाला. दुसऱ्या बाजूचाही ओढला. मी उलगडले. मोतीरामांनी दुमडलेला तुकडा, इतक्या वर्षांनी पुन्हा सरळ, सपाट. एका अर्ध्यावर पिवळा एक.

"आता पिशवी कुठी हाये?" त्या पहारेकऱ्याला म्हणाल्या आणि लगेच हिंदीत वळल्या, "देखो भैया, कपड़ा है. झेंडे जैसा. डंडा भी नहीं है."

त्यानं मला दोन्ही हातांनी ताणून मापलं. झेंडा-फलक किती मोठा चालतो हे त्याला ठाऊक असावं. "ये क्या लिखा है?"

"एक. मेरी बेटी का नंबर है. गोल में खड़ी है वो."

त्यानं वरच्या अधिकाऱ्याला बोलावलं, दोघं काही बोलले. मग त्यानं मला परत भागीरथाबाईंच्या हातात दिलं. "हाथ में पकड़ना अम्मा. रेलिंग पे मत बाँधना, पीछे वाले को दिखना चाहिए."

आम्ही आत गेलो.

पहिला अर्धा भाग प्रियदर्शनी दूरच्या गोलात होती. दुसऱ्या भागात ती आमच्या बाजूला आली. डोमाजी एक बंद धरून उभे, भागीरथाबाई दुसरा. सत्तराव्या मिनिटाला त्या देशाच्या संघाला पेनल्टी मिळाली. सगळं मैदान ओरडत होतं. प्रियदर्शनी रेषेवर उभी राहिली आणि सवयीनं तिनं डावीकडे पाहिलं. आधी खांबाकडे. मग खांबाच्या पलीकडे, वर, आमच्याकडे.

ती हसली. पेनल्टीच्या आधी कोणी हसतं का? पण ती हसली, मी पाहिलं.

बॉल उजवीकडे गेला. तिनं झेप घेतली, बोटंही लागली, तरी बॉल आत गेला. मॅच एक शून्यानं आपण हरलो.

"सुटला," डोमाजी म्हणाले. "पन बोटं लागली. पाह्यलं का तुनं? बोटं लागली होती."

मॅच संपल्यावर पाहुण्यांच्या समर्थकांना लगेच सोडत नाहीत. यजमानांची गर्दी ओसरेपर्यंत बसवून ठेवतात. मित्रांनो, तेव्हा कुरकुर करू नका, जिंकलात तर चिडवू नका, हरलात तर चिडू नका. आम्ही बसलो म्हणूनच ती भेट झाली. संघ टाळ्या वाजवायला आमच्या बाजूला आला आणि प्रियदर्शनी कठड्याशी धावत आली. डोमाजींनी मला कठड्यावरून खाली सोडलं. तिनं वर हात करून मला चाचपलं.

"आई, पिशवी फाडली काय वो?"

"फाडली नाई. उसवली."

"आता घरी गेल्यावर अकोल्याले मोतीरामकडे देतो," डोमाजी म्हणाले. "पक्की शिवून देईन थो, मशीनवर."

"नाई बाबा." प्रियदर्शनीनं मान हलवली. "आईच्याच टाक्यानं शिवा. सोमवारी पोरींले बॉल न्यायले लागते. आन् पुढची मॅच बी बाहेरच हाये."

म्हणून आता मी खिळ्यावर आहे, दोन्ही बाजूंनी मोठ्या, धावत्या, थोड्या वाकड्या टाक्यांनी टाचलेली. सोमवारी बॉल नेते, माझ्यात दगड भरून पोरी मला छोट्या गोलाच्या डावीकडे उभं करतात. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, एवढंच मागणं आहे. पण जपायचं म्हणजे नुसतं घट्ट शिवून खिळ्याला टांगायचं नसतं. टाक्याचं एक टोक हाताला लागेल असं मोकळं ठेवा. भागीरथाबाईंनी ठेवलं आहे, आणि खिळ्याशेजारी अश्विनची नवी यादी चिकटवलेली आहे.